बिनलेबलाच्या गोळ्या

मी मालवणच्या बाजारात मासे विकते. तोंडाने फटकळ आहे आणि अर्धं ऐकून उठायची मला खोड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते याच खोडीपायी झालं. आजारी मी पडले होते. गेली ती शालन. मंदा बरी झाली, देवाने वाचवली, असं लोक म्हणतात तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं.

ज्यांच्या घरात कुणी गुडघ्यांसाठी, कंबरेसाठी, दम्यासाठी कुठल्यातरी सुट्या गोळ्या खात असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरीतलं मला काही कळत नाही. माझ्यावरून जे गेलं तेवढंच सांगते.

गुडघे

पंचवीस वर्षं डोक्यावर पाटी आणि मग दुपारपर्यंत उकिडवं बसणं. गुडघ्यांचं काय होणार? चाळिशीतच आम्हा सगळ्यांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. शालन माझ्या शेजारी बसायची. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, दीप्ती. वीस वर्षं आम्ही एकाच बर्फाच्या पेटीत मासे ठेवले. तिचं गिऱ्हाईक मी तोडलं नाही आणि माझं तिने. भांडलो मात्र रोज.

"माझे गुडघे आता माझा ऐकणत नाय गो," ती म्हणायची.

"तू तरी कुणाचा ऐकतंस?" मी म्हणायचे.

खरं म्हणजे ती माझं फार ऐकायची. आमचा बारा जणींचा बचत गट आहे आणि मी त्याची सचिव. दहावी झालेली मी एकटीच, म्हणून बँकेत मी, तहसीलदाराकडे मी, बर्फवाल्याशी भांडायला मी. शालन म्हणायची, मंदान सांगल्यान म्हणजे विषय संपलो.

अशात बाजारात चिठ्ठी फिरली. महिन्यातून एकदा एका लॉजवर गुडघ्यांचा डॉक्टर येतो, ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, शुद्ध जडीबुटी. आम्ही दोघी गेलो. पांढरा कोट, गोड बोलणं. आमच्या सरकारी दवाखान्यात कुणी मान वर करून बघत नाही आणि हा माणूस खुर्चीवरून उठून शालनला हात देत होता. त्याने प्लास्टिकची पांढरी डबी दिली. डबीवर काही नाही. ना औषधाचं नाव, ना कंपनीचं. मी विचारलं तर म्हणाला, ताई, हे कारखान्यातलं औषध नाही, आमच्या घराण्यातलं आहे.

चौथ्या दिवशी शालन जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. मी पाटी घेऊन दांडीच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून चालत आले आणि वाटेत एकदाही थांबले नाही. शालन म्हणाली, "ही गोळी न्हय मंदा, देव आसा."

मग मी शहाणपणा केला. आम्ही बर्फ एकत्र घेतो, मीठ एकत्र घेतो, गणपतीचं वाणसामान एकत्र घेतो. गोळ्याही एकत्र घ्यायच्या ठरवल्या. तो डॉक्टर लगेच म्हणाला, ताई, दहा डब्यांमागे एक तुमची, वरची. मी ती घेतली. दोन वर्षं मी गटाच्या बायकांना डब्या वाटल्या आणि माझी डबी फुकट खाल्ली. कट खाणारे डॉक्टर म्हणून मी आयुष्यभर लोकांना नावं ठेवलीत. हे मी घेत होते त्याला दुसरं काही नाव आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

काटा

दुसऱ्या वर्षी माझं तोंड गोल झालं. बाजारात सगळे म्हणाले, मंदा काय गो, बरी सुधारलंस. मीही आरशात बघून खूश. कातडी मात्र कागदासारखी झाली होती, जरा कुठे आपटलं की काळंनिळं. आमच्या ह्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा उडवून लावलं.

एक दिवस पाटी उतरवताना शिंगाळा माशाचा काटा पायात गेला. असे काटे मी शेकड्याने काढलेत. हा भरेना. पाय सुजून घागरीएवढा झाला, ताप चढला. गावातल्या डॉक्टरने एका नव्या खाजगी हॉस्पिटलचं नाव लिहून दिलं आणि बजावलं, तिथेच जा, दुसरीकडे कुठे नको.

तिथे मी पाच दिवस होते. काटा लागला होता पायाला आणि तपासलं माझं हृदय. एकदा नाही, दोनदा. फरशी चकचकीत, नर्सा मुली गोड, मोठे डॉक्टर सकाळी पायाशी उभे राहून फाइलशी बोलत आणि जात. पाच दिवसांत मला कुणी एवढं विचारलं नाही की बाई, तुम्ही घरी काय खाता. ताप उतरेना तेव्हा म्हणाले, पाय कापावा लागेल, सही करा.

माझा मुलगा निलेश गोव्यात औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तो गाडी घेऊन आला आणि भांडून मला सोडवून गोव्याच्या सरकारी इस्पितळात घेऊन गेला. पाय वाचला, हे आधी सांगते. देवाचे आणि त्या लोकांचे उपकार.

निदानाचा दिवस

सरकारी वॉर्ड कसा असतो ते सांगायला नको. दोन खाटांमध्ये तिसरी, पंख्याचा आवाज, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला दर तासाला घरी जायचं असायचं. सकाळी साडेपाचला रक्त न्यायला येत, सातला चहा, नऊला राउंड. माझ्या शेजारणीची सून रोज दोन डबे आणायची, एक सासूचा आणि एक माझा, आणि माझा डबा न बोलता टेबलावर ठेवायची. माझी-तिची ओळखही नव्हती.

तिथली डॉक्टरीण माझ्या निलेशच्या वयाची. तिने पाय बघितला आणि मग पायावरून नजर काढून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दंड चिमटीत धरून बघितला. पोटावरचे जांभळे पट्टे बघितले. आणि खाटेवर बसून विचारलं, "मावशी, गोळ्या कुठल्या खाता? खरं सांगा."

मी पिशवीतून डबी काढून दिली. तिने एक गोळी तळहातावर घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "यात स्टिरॉइड असणार. तुमचं तोंड, तुमची साखर, न भरणारी जखम, हे सगळं याचंच. ही डबी आता विसरायची. आणि हे बघा..."

ती पुढे बोलत होती. मी ऐकलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या अकरा जणी उभ्या होत्या. निलेशने ती डबी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि त्याचा चेहरा उतरला. "आये, आमच्याकडे एक लेबल वाकडा लागला तर अख्खी बॅच बाजूक काढतत," तो म्हणाला, "आणि तू दोन वर्सां ह्या खाल्लंस?" रागाने उठून त्याने डबी सगळ्या गोळ्यांसकट तिथल्या कचऱ्याच्या बादलीत फेकली. मला बरंच वाटलं.

डॉक्टरीण पुढच्या खाटेकडे वळल्या वळल्या मी फोन घेतला. शालनला पहिला.

"शालन, ते गोळये आत्ताच्या आत्ता बंद कर. इख आसा ता. एक पण खाव नको. तुका माझी शपथ आसा."

"बरा गो," ती म्हणाली. "तू सांगतंस तर बंद. तुझो पाय कसो आसा ता आधी सांग."

शपथ आम्ही बायका येता-जाता घालतो. पोर उन्हात जातं तेव्हा घालायची, संध्याकाळी 'शपथ सुटली' म्हणून सोडवायची. पण जुन्या बायका ती पाळतात. शपथ मोडली तर जिने स्वतःची घातली तिच्यावरच संकट येतं, अशी समजूत. मी बाकीच्या दहाजणींनाही फोन केले, पण तिथे शपथ घालायची मला गरज वाटली नाही. त्या 'बरा' म्हणाल्या आणि नेहमीप्रमाणे माझं न ऐकता कधीमधी खातच राहिल्या. म्हणून त्या आज बाजारात बसतात.

घरी जायचा दिवस

पुढचे दिवस मला डॉक्टरीण रोज सकाळी एक पांढरी गोळी द्यायची. वेष्टनावर नाव, तारीख, सगळं असलेली. मला वाटलं, तापाची असेल. दुखण्यात माणूस विचारेनासं होतं, मीसुद्धा. माझा फोन ह्यांनी बंद करून स्वतःजवळ ठेवला होता. बायका सारख्या फोन करतात, तुला विश्रांती नाही, म्हणाले. नवरा काळजी करतो म्हणून मला तेव्हा गोडच वाटलं होतं.

पंधराव्या दिवशी सुट्टी मिळाली. डॉक्टरिणीने कागद समोर धरला आणि ती पांढरी गोळी दाखवली.

"ही एक दिवससुद्धा चुकवायची नाही. पहिल्या दिवशी मी हेच सांगत होते, तुमचं लक्ष नव्हतं. बाहेरून इतकी वर्षं स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. एकदम बंद केलं तर उलट्या होतात, रक्तदाब पडतो, माणूस जातं. म्हणून मी तुम्हाला मोजून देते आणि महिन्यामहिन्याने कमी करणार."

मी म्हटलं, "मग माझ्या बायकांना सांगायला पाहिजे."

"सांगा ना. इथे घेऊन या त्यांना."

मी ह्यांच्याकडे हात केला, फोन द्या. ते देईनात. मी म्हटलं, शालनला लावा आधी, ती रोज दोन खायची. ते खाली बघत राहिले. तीस वर्षांत मी त्यांना असं बघताना बघितलं नव्हतं.

"शालन गेली गो," ते म्हणाले. "आठ दिस झाले. तुका कसा सांगू म्हणान गप रवलंय."

उलट्या झाल्या, पोट बिघडलं असेल म्हणून एका दवाखान्यात सलाइन लावलं, उभं राहता येईना, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाच्या वाटेवर गाडीतच गेली. कागदावर लिहिलं हृदयक्रिया बंद पडून. ह्यांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि मी डॉक्टरिणीकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, मलाही. मी त्या खाटेवर, दुसऱ्या बाईला द्यायला म्हणून चादर काढलेल्या गादीवर बसले आणि मला रडूसुद्धा येईना.

जबाब

घरी आल्यावर मी आधी त्या दहाजणींना गोव्याच्या इस्पितळात नेलं आणि मग तक्रार केली. दुसरं काय करणार होते? लॉजवरचा डॉक्टर त्या महिन्यापासून आलाच नाही. लॉजच्या वहीत नाव होतं, ते खोटं. फोन बंद. आणि शालन गेली म्हणून पोलीस येतील या भीतीने बायकांनी, इस्पितळातली मोजलेली गोळी सुरू झाल्या झाल्या, आपापल्या डब्या खाडीत टाकल्या होत्या.

औषध खात्याचे निरीक्षक घरी आले. भला माणूस. ओसरीवर बसून त्यांनी पाणी मागून घेतलं, सगळं शांतपणे ऐकलं.

"डबी आहे?"

"नाही."

"पावती?"

"त्याने कधी दिली नाही."

"गटातल्या कुणाकडे एखादी गोळी?"

"नाही."

"मावशी, गोळीशिवाय मी तपासू काय?" ते म्हणाले. "असे चार जण मला माहीत आहेत, एका तालुक्यात दवाखान्याची पाटी उतरवतात आणि दुसऱ्या तालुक्यात लावतात. तुम्ही जबाब द्या. पण त्यात डब्या कुणी आणल्या, कुणी वाटल्या, हे सगळं यावं लागेल."

कागद ठेवून ते परवा येतो म्हणून गेले. मी तिथेच ओसरीवर लिहायला बसले आणि 'डब्या' या शब्दापाशी अडले. निलेश डोक्याशी उभा. "आये, तू वाटलंस ता कित्याक लिवतंस? गटान घेतले, असा लिव. तुकाच आत टाकतीत." ह्यांनी त्याला गप केलं नाही. माझं पेनही पुढे सरकलं नाही. गटाने घेतले हे खोटं नव्हतं, एवढंच मी स्वतःला सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाची भीती वाटत होती, आणि ती त्या निरीक्षकाची नव्हती. दीप्ती तो कागद वाचेल, याची होती.

दीप्ती

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ती झेरॉक्सच्या दुकानात काम करते, नुकतीच आली होती. तिच्या आईची पाटी पडवीत पालथी होती. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. गोळ्या मी आणल्या, वरची डबी मी खाल्ली, आणि बंद कर म्हणून फोनही मीच केला. बंद केली म्हणून ती गेली.

"माका ठावक आसा, मावशे," दीप्ती म्हणाली. "फोन इलो तेव्हा मी थंयच होतंय."

तिने आईची पाटी उचलून भिंतीशी ठेवली.

"चौथ्या दिसा आयेक उठाक येय नाय होता. मी म्हटलंय, एक गोळी घे, बंद केल्यापासून तुका असा होता हा. तिणा घेतल्यान नाय. म्हणाली, मंदान शपथ घातल्यान हा. ती थंय इस्पितळात पडली हा, मी शपथ मोडलंय आणि तिका काय झाला तर?"

तिचा आवाज अगदी सरळ होता, दुकानात गिऱ्हाइकाला पानं मोजून देताना असावा तसा.

"मी तुका फोन केलंय. सात वेळा. तू नुसती शपथ सुटली म्हटलं असतंस तर तिणा घेतल्यान असती. फोन बंद होतो."

मी तिच्या पायाशी बसले. बसले म्हणजे पडलेच. तिने मला उठवलं नाही आणि ढकललंही नाही. आत गेली, फळीवरून डबी काढून आणली. अर्धी भरलेली, वर काही न लिहिलेली. सगळ्यांनी खाडीत टाकल्या तेव्हा तिने ही ठेवली होती. कशासाठी ते तिलाही सांगता आलं नाही.

"ही त्या सायबाक दी," ती म्हणाली. "आणि जबाबात सगळा लिव. शपथेचा पण."

मी सगळं लिहिलं. डब्या मी आणल्या, मी वाटल्या, दहामागे एक फुकट घेतली, बंद करायला मीच सांगितलं, शपथ घालून सांगितलं. निलेश दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. डबी दीप्तीने निरीक्षकांच्या हातात दिली आणि साक्षीदार म्हणून सही केली. पुढे तपासणीचा अहवाल आला. डॉक्टरिणीने माझं तोंड बघून सांगितलं होतं तेच निघालं. त्या माणसाला शोधताहेत. माझ्यावर काय होईल ते अजून ठरायचं आहे, आणि जे होईल ते मी ऐकून घेईन. सगळं, शेवटपर्यंत.

तुमच्या घरात अशी डबी असेल तर फेकू नका. एकदम बंदही करू नका. ती उचला आणि सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरपुढे ठेवा, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत उठू नका. बाकी दहाजणींना मी असंच हाताला धरून नेलं.

मी पुन्हा बाजारात बसते. शेजारची जागा रिकामी आहे, तिथे बसायला कुणी तयार नाही आणि मीही कुणाला म्हणत नाही. दीप्ती बाजारात येते, पलीकडच्या रांगेतून मासे घेते आणि जाते. मी तिला हाक मारत नाही. सकाळी चहा झाला की मी माझी गोळी घेते, अजून काही महिने घ्यायची आहे. एवढीशी असते, पाण्याच्या एका घोटाबरोबर जाते. शालनच्या फळीवर अर्धी डबी होती, आणि मला काही होऊ नये म्हणून तिने त्यातली एकसुद्धा घेतली नाही.